शाखेनं आईच्या खाटेपर्यंत यावं

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धाराशिव
(अध्यक्ष, जिल्हास्तरीय बँकर्स सल्लागार समिती)
आणि
मा. व्यवस्थापक, जिल्हा अग्रणी बँक, धाराशिव

विषय : अंथरुणाला खिळलेल्या खातेदारांची केवायसी आणि पैसे काढण्याची सोय त्यांच्या घरी जाऊन करण्याबाबत.

महोदय,


माझी आई ८६ वर्षांची आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ती न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं, रॉड बसला, पण ती पुन्हा पायावर उभी राहिली नाही. कळंब तालुक्यात, मांजरेच्या काठावरच्या आमच्या गावी, ओसरीत खिडकीशी तिची खाट आहे. मी लातूरला शाळेत शिकवते, भाऊ चाकणला कंपनीत आहे आणि आईचं सगळं वहिनी करते. अडीच एकर रान आईच्या नावावर आहे. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं, तेव्हापासून सोयाबीनचे पैसे, पीएम-किसानचे हप्ते, पीक विमा, सगळं तिच्याच खात्यात जमा होतं. ते खातं जुलैपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेपाच महिने, होल्डवर होतं आणि त्यातले तिचेच पैसे तिला काढता आले नाहीत.

खातं आता सुरू झालं आहे. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण आम्ही ज्या ज्या गोष्टीसाठी हेलपाटे घातले, त्या प्रत्येक गोष्टीची सोय नियमात आधीपासून होती. ती आमच्या दारापर्यंत कुणी आणली नाही, एवढंच. बँकेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की एका शाखेला खुलासा मागवला जातो, एका माणसाच्या मागे चौकशी लागते आणि बाकीच्या शाखा सुटल्यासारख्या होतात. माझं म्हणणं उमरग्यापासून परंड्यापर्यंत आठही तालुक्यांतल्या प्रत्येक शाखेबद्दल आहे.

सुरुवात सहीपासून झाली. आई शाळेत गेलेली नाही. तिच्या लहानपणी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि मुलीनं शाळेत जायचं हे आमच्या घरी कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पन्नाशीला आली तेव्हा गावात रात्रीचे साक्षरता वर्ग सुरू झाले. तिथं कंदिलाच्या उजेडात ती नाव लिहायला शिकली. त्याआधी सोसायटीच्या कागदावर, तलाठ्याकडे, सगळीकडे अंगठा. नाव लिहिता यायला लागलं त्या दिवसापासून तिनं अंगठा म्हणून कुठं दिला नाही. कुणी शाईचा पॅड पुढं केला की ती तो बाजूला सारायची आणि पेन मागायची. पडल्यानंतर तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. वहिनी विड्रॉल स्लिप घरी आणायची, आई सही करायची. दोन महिने ते चाललं. मे महिन्यात काउंटरवरून स्लिप परत आली : सही जुळत नाही.

पुढच्या रविवारी मी गावी गेले तर तिच्या उशीखाली कॅलेंडरची फाडलेली पानं सापडली. प्रत्येक पानाच्या कोऱ्या बाजूला तिचं नाव, वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वेळा. पहिल्या चार-पाच सह्या ओळीत होत्या, मग अक्षरं खाली उतरत गेलेली. आडनावातला शेवटचा ‘र’ दर वेळी वेगळा. एका पानावर पेन घसरून कागद फाटला होता. ८६ वर्षांची बाई कंप सुटलेल्या हातानं स्वतःचंच नाव पुन्हा गिरवत होती, कारण बँकेला तिचं जुनं अक्षर हवं होतं.

जुलैत खातं होल्डवर गेलं. केवायसी पेंडिंग. आम्हाला कुणी कळवलं नाही. मेसेज गेला असेलच तर तो वडिलांच्या नंबरवर गेला असणार, आणि वडील २०१९ साली वारले; तो नंबर कधीच बंद पडला. गावातला बँक मित्र आमच्याच आळीतला पोरगा. त्यानं बोटांचे ठसे घ्यायचं मशीन घरी आणलं, त्याला दोष देण्यासारखं काही नाही. ओल्या फडक्यानं आईचं बोट पुसलं, कोरडं केलं, दुसरं बोट लावलं, मग डाव्या हाताची. दहाही बोटं झाली. शेण, खुरपं, विळा, चुलीचं सरपण यांत सत्तर वर्षं गेलेली ती बोटं. त्यांच्यावरच्या रेषा मशीनला दिसेनात. आई त्याच्याकडे बघून म्हणाली, “माजी बोटं झिजली, मंग आता मी कोन हाय म्हनायचं?” पोरगं मान खाली घालून मशीनची वायर गुंडाळत राहिलं.

ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतीत शिबिर लागलं. १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात ग्रामपंचायत पातळीवर केवायसीची शिबिरं घ्यायची असं देशभर ठरलं होतं, त्यातलंच ते. चांगली गोष्ट होती. कितीतरी लोकांचा तालुक्याचा हेलपाटा वाचला. आमच्या घरापासून ग्रामपंचायत तीनशे पावलांवर आहे. वहिनी दोनदा जाऊन सांगून आली की सासूबाई खाटेवर आहेत, पाच मिनिटं घरी या. रांग मोठी होती, नेट जाऊन-येऊन होतं, संध्याकाळी पाचला टेबलं आवरली. शिबिर गावात आलं म्हणजे सगळ्यांपर्यंत पोचलं असं आपण धरून चालतो. ज्याला उठून बसता येत नाही त्याला तीनशे पावलं आणि तीस किलोमीटर सारखंच असतं.

गौरी विसर्जनानंतर भाऊ रजा काढून आला आणि आम्ही आईला तालुक्याच्या शाखेत न्यायचं ठरवलं. जीप सांगितली. मागच्या सीटवर गोधडी अंथरून तिला आडवी झोपवली, पायाखाली उशी, डोकं माझ्या मांडीवर. खड्डा आला की ती ओठ दाबून घ्यायची, आवाज करायची नाही. शाखा पहिल्या मजल्यावर. रॅम्प नाही, लिफ्ट नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, तरी सतरा पायऱ्यांचा तो जिना आहे तसाच आहे. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून भाऊ आणि जीपवाला तिला वर घेऊन गेले. वर गेल्यावर तेच मशीन आणि तेच बोट. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, “दुसरा काही पुरावा आहे का? पण ई-केवायसी झाल्याशिवाय सिस्टिम पुढं जात नाही.” मतदार ओळखपत्र होतं, आधार होतं, पासबुकावर तिचा फोटो होता, आणि ती स्वतः समोर खुर्चीत बसलेली होती. सव्वा तासानं आम्ही तिला तशीच खाली आणली. परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली की मला पुन्हा असं नेऊ नका. त्या दिवसानंतर आठ दिवस तिचा ताप उतरला नाही.

सप्टेंबरच्या शेवटी काय झालं ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भूम, परंडा, कळंब, वाशी, सगळीकडे पाणी. आमचं सोयाबीन काढणीला आलं होतं, ते रानातच कुजलं. दिवाळीच्या सुमारास अतिवृष्टीच्या मदतीच्या यादीत आईचं नाव आलं. पैसे जमाही झाले. शासनानं मदत थेट खात्यात दिली, मधे कुणाचा हात नाही, ही मोठी गोष्ट आहे आणि मी ती मानते. पण ते पैसे होल्डवरच्या खात्यात पडून राहिले. रब्बीची हरभऱ्याची बॅग वहिनीनं उसनवारीवर आणली. आईच्या औषधांचे पैसे भाऊ चाकणहून पाठवत होता. आईला मात्र एकच घोर : माझ्या नावचं पैसं हायत, मग सून उसनं का मागती?

नोव्हेंबरमध्ये मी नियम वाचायला बसले. मास्तरीण असल्यानं कागद वाचायचा कंटाळा नाही. वाचत गेले तसा राग येण्याआधी आश्चर्यच वाटलं, कारण सगळं लिहिलेलं होतं.

रिझर्व्ह बँकेनं ९ नोव्हेंबर २०१७ रोजी बँकांना सांगितलं आहे की ७० वर्षांवरच्या आणि दिव्यांग किंवा दुर्धर आजारी खातेदारांना घरपोच सेवा द्यावी. त्यात घरी येऊन रोख रक्कम देणं आहे, पैसे आणि चेक घरून नेणं आहे, केवायसीची कागदपत्रं आणि हयातीचा दाखला घरी येऊन घेणं आहे. ३१ मार्च २०२० ला त्याची पुन्हा आठवण करून दिली. मात्र त्यातच एक फट राहिली. कोणत्या शाखांनी ही सेवा द्यायचीच आणि कोणत्या शाखांनी जमेल तशी द्यायची, हे ठरवायची मुभा बँकांना मिळाली. कळंब, वाशी, लोहाऱ्याची गावं ‘जमेल तशी’च्या खात्यात गेली की काय होतं ते आम्ही बघितलं. शिवाय घरपोच सेवा हवी तर खात्याची केवायसी पूर्ण हवी, मोबाईल नंबर जोडलेला हवा, घर शाखेपासून ठरावीक किलोमीटरच्या आत हवं, अशा अटी कितीतरी बँकांनी घातल्या आहेत. म्हणजे केवायसी करायला घरी या म्हणावं, तर घरी येण्यासाठी आधी केवायसी पूर्ण पाहिजे. आईचं खातं या फेऱ्यात अडकलं होतं.

सहीचंही तसंच. खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, हाताचा जमत नसेल तर पायाचाही चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. अंगठाही उठत नसेल तर नुसती खूण चालते, तिलाही तसेच दोन साक्षीदार. पैसे कोण घेऊन जाणार ते खातेदारानं सांगायचं आणि त्या माणसाची ओळख पटवून त्याची सही घ्यायची. १ जुलै २०१५ च्या ग्राहकसेवेच्या मास्टर परिपत्रकात हे सगळं सविस्तर आहे, आणि तेव्हाही ते नवीन नव्हतं. बोटं मशीनवर उमटत नाहीत त्यांचाही विचार झालेला आहे. सरकारी योजनेचा लाभ घेणाऱ्या माणसाची ई-केवायसी म्हातारपणामुळं, आजारामुळं किंवा जखमेमुळं होत नसेल, तर बँकेच्या अधिकाऱ्यानं दुसऱ्या अधिकृत कागदपत्रावरून ओळख पटवावी, असं केवायसीच्या नियमांतच म्हटलं आहे. आई पीएम-किसानची लाभार्थी आहे. तिच्या मतदार ओळखपत्रावर काम व्हायला हवं होतं.

आणि सगळ्यात जड गेलेली गोष्ट ही. १२ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेनं केवायसीचे नियम सुधारले. कमी जोखमीच्या वैयक्तिक खातेदाराची केवायसीची मुदत टळली असली, तरी मुदतीनंतर एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांतलं जे नंतर येईल तोवर त्याचे व्यवहार चालू ठेवावेत, असं त्यात आहे. मुदतीआधी निदान तीन सूचना द्याव्यात, त्यांतली एक तरी पत्रानं, असंही त्यात आहे, आणि ते १ जानेवारी २०२६ पर्यंत सगळीकडे लागू व्हायचं होतं. अडीच एकर कोरडवाहू रान असलेल्या ८६ वर्षांच्या विधवेपेक्षा कमी जोखमीचा खातेदार कोण असेल ते मला माहीत नाही. तिचं खातं जुलैत थांबलं, नियम जूनचा होता.

हे सगळं मी एका अर्जात लिहिलं, परिपत्रकांच्या तारखा घातल्या, आईच्या डॉक्टरांचा दाखला जोडला आणि शाखेत नेऊन पोच मागितली. पोच द्यायला आधी का-कू झाली. मी बसून राहिले, मग शिक्का मिळाला. हे वाचणाऱ्या प्रत्येक लेकाला आणि लेकीला माझं सांगणं आहे की तोंडी बोलू नका. लेखी द्या, शिक्क्याची पोच घ्या, तारीख बघून घ्या. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ या नंबरवर त्याची माहिती मिळते. मला तिथवर जावं लागलं नाही. अर्ज दिल्याच्या पंधराव्या दिवशी शाखेतून फोन आला की आम्ही येतो.

आल्या त्या एक तरुण अधिकारी, नोकरीला लागून वर्षही झालं नसावं. दुचाकीवर फायलीची पिशवी, पिशवीत फॉर्म, शाईचा पॅड. सोबत बँक मित्र. दुसरी साक्ष गावच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी दिली. त्या बाईंनी खाटेच्या कडेला बसून आईला नाव विचारलं, गाव विचारलं, रान किती, मुलं किती. मग आम्हाला सगळ्यांना अंगणात जायला सांगितलं. दार लोटून घेतलं आणि आतून दहा मिनिटं दोघींचं बोलणं ऐकू येत राहिलं. काय विचारलं ते मला नंतर आईनं सांगितलं : पैसे तुम्हालाच हवेत का, कुणाचा जोर आहे का, कुणी काढावेत असं तुम्हाला वाटतं.

त्या दहा मिनिटांबद्दल मला जरा थांबून लिहायचं आहे. शाखेतला एक माणूस मला आधी म्हणाला होता, “तुम्ही लेक आहात, ते मान्य. उद्या तुमचा भाऊ येऊन भांडला तर?” तेव्हा मला अपमान वाटला होता. पण त्याची भीती खरी आहे. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा घेऊन जमीन, दागिने, पैसे लाटल्याच्या गोष्टी आपल्या प्रत्येक गावात आहेत. म्हणूनच मुलांना काउंटरवर नुसतं परत पाठवणं हा उपाय होत नाही. परत पाठवलेली मुलं काय करतात? आईचं एटीएम कार्ड नातवाच्या खिशात जातं, पिन घरभर माहीत होतो, मोबाईल नंबर मुलाचा लावला जातो, आणि पुढं आईला कळतही नाही की खात्यात किती आले आणि किती गेले. “नॉमिनी म्हणून माझं नाव आहे ना” असं सांगत येणारेही पुष्कळ. नॉमिनीचा हक्क खातेदार गेल्यावर सुरू होतो, ती जिवंत असताना त्याला एक रुपयासुद्धा काढता येत नाही. बँकेनं घरी जाऊन, मुलांना बाहेर काढून, आईला एकटीला विचारणं हीच तिची खरी राखण आहे. माझ्यापासूनही.

फॉर्म भरून झाल्यावर त्या बाईंनी पॅड उघडला. आईनं पॅडकडे बघितलं आणि हात मागं घेतला. मला वाटलं, इथं अडतंय. मी काही बोलणार तेवढ्यात त्या बाईच म्हणाल्या, “आजी, सही येते तुम्हाला, मला माहीत आहे. आधी सही करा, जशी होईल तशी. मग शेजारी अंगठा घेऊ.” आईनं पेन घेतलं. नाव पूर्ण व्हायला बराच वेळ लागला, ‘र’ पुन्हा खाली घसरला. पण सही झाली. मग तिनं स्वतःहून अंगठा पॅडवर ठेवला. पैसे कोण काढणार या प्रश्नावर ती म्हणाली, “मीच. मला हितं आनून द्या.” तीन दिवसांनी बँक मित्रासोबत त्या पुन्हा आल्या आणि दहा हजार रुपये तिच्या हातात दिले. तिनं नोटा दोनदा मोजल्या. हरभऱ्याच्या बॅगेचे वहिनीला दिले, दुकानाची उधारी वेगळी काढली, चैत्रात येडाई देवीच्या परडीला लागतील म्हणून पाचशे बांधून उशीखाली ठेवले. जिथं सह्यांची पानं होती, तिथं.

एका चांगल्या अधिकाऱ्यामुळं आमचं काम झालं. माझं भांडण नेमकं याच्याशी आहे, की काम माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून राहिलं. जून २०२० मध्ये ओडिशातल्या नुआपाडा जिल्ह्यात साठीच्या एका लेकीनं शंभरीच्या आईला खाटेसकट ओढत बँकेत नेलं. जन धन खात्यातले पंधराशे रुपये होते. एप्रिल २०२३ मध्ये त्याच राज्यातल्या नबरंगपूर जिल्ह्यात सत्तर वर्षांची एक आजी भर उन्हात अनवाणी, मोडक्या खुर्चीचा आधार घेत पेन्शनसाठी निघालेली देशानं बघितली. व्हिडिओ फिरला, केंद्रीय अर्थमंत्र्यांनी विचारणा केली, मग व्हीलचेअर आली, घरी पैसे पोचवायचं ठरलं. आमच्या जीपच्या मागच्या सीटचा व्हिडिओ कुणी काढला नाही. काढायलाही नको होता. त्या अवस्थेतली आई जगाला दाखवल्याशिवाय तिचे पैसे मिळणार नसतील तर ते पैसे महाग पडले.

जिल्हाधिकारी महोदय, अशा माणसांच्या घरापर्यंत पोचता येतं याचा पुरावा आपल्याच कार्यालयात आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता आलं. जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणून ती व्यवस्था आपल्या कार्यालयानं उभी केली होती. आमच्या घरी पथक आलं. कर्मचारी होते, पोलीस होता, चित्रीकरण करणारा होता. ओसरीत पुठ्ठ्याचा आडोसा लावला आणि आई त्या आडोशामागं मत देऊन आली. तेव्हा ती काठी घेऊन चालत होती, तरी पथक घरी आलं. कोणत्या गावात, कोणत्या घरात असा माणूस आहे, याची यादी तेव्हा बीएलओंनी, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांनी, घरोघर जाऊन केली होती. तीन महिन्यांनी आई पडली, आणि त्याच घराचा पत्ता बँकेला सापडेना. सरकारी पेन्शनरांसाठी पोस्टमन सत्तर रुपयांत घरी येऊन हयातीचा डिजिटल दाखला करतो. मताला घर सापडतं, दाखल्याला घर सापडतं. पैशालाही सापडेल.

१९६९ साली अग्रणी बँक योजना आली ती धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटानं मांडलेल्या क्षेत्रीय विचारातून. प्रत्येक जिल्ह्याच्या बँकिंगची जबाबदारी कुणीतरी एकानं अंगावर घ्यावी, असा तो विचार होता. या जिल्ह्यात ती जागा आपल्या समितीची आणि अग्रणी बँकेची आहे. म्हणून मागणं आपल्याकडे आहे आणि ते मोठं नाही. दर तिमाहीच्या बैठकीत पीककर्जाचे, बचत गटांचे आकडे शाखानिहाय येतात. त्यांत एक रकाना वाढवा : शाखेच्या हद्दीत अंथरुणाला खिळलेले खातेदार किती, आणि या तिमाहीत त्यांतल्या किती जणांच्या घरी अधिकारी जाऊन आला. रकाना आला की शाखाधिकारी यादी करतील, यादी झाली की जावं लागेल. आठवड्यातला एक दिवस, दुपारनंतरचे दोन तास, प्रत्येक शाखेनं या भेटींसाठी राखून ठेवावेत आणि तो दिवस शाखेच्या दारावर व ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लिहावा. घरी येण्यासाठी केवायसी पूर्ण असण्याची अट या माणसांना लावू नये. त्यांची यादी करायला आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बीएलओ यांच्याकडे अर्धी माहिती तयारच आहे. जिल्हा बँक आणि पतसंस्थांनाही या कामात ओढावं, कारण जुन्या माणसांच्या ठेवी तिथंही आहेत.

याला घाई आहे, आणि घाईचं कारण कागदाचं नाही. माणूस बोलतंय, ओळखतंय, हो-नाही सांगतंय तोवर हे काम एका भेटीत होतं. कुलमुखत्यारपत्र करायचं असेल तरी तोवरच करता येतं, खाटेवरच्या माणसासाठी दुय्यम निबंधकांना घरी बोलावण्याची सोय कायद्यात आहे. एकदा बुद्धी गेली, स्मृतिभ्रंश झाला, माणूस कोमात गेला, की त्याच्या वतीनं खातं चालवायला पालकत्वाचा आदेश लागतो आणि त्यासाठी बहुतेक वेळा छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत जावं लागतं. वकील, तारखा, प्रवास. पंधरा-वीस हजारांच्या खात्यासाठी कोण जाईल? ते पैसे तसेच राहतात, आणि दहा वर्षं कुणी हात लावला नाही की रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. वारसांना मागून परत मिळू शकतात, पण ज्या म्हातारीच्या औषधाला ते हवे होते ती तेव्हा नसते.

आमच्या आळीत अजून तीन खाटा आहेत. एका आजोबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, उजवा हात उचलत नाही, पण सगळं समजतं. एका आजींची दृष्टी गेली आहे. तिसरी माझ्या आईची मैत्रीण, आईच्याच वयाची, तिच्याबरोबर साक्षरतेच्या वर्गात बसलेली. तिघांचीही खाती होल्डवर आहेत. त्यांची नावं, शाखा आणि घराचा पत्ता त्यांच्या संमतीनं लिहून मी आपल्या कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर दिले आहेत. पोच माझ्याकडे आहे. पहिली भेट कोणत्या दिवशी होईल तेवढं कळवावं, म्हणजे मी तिघांना सांगून ठेवीन.

आपली विश्वासू,
एका खातेदार आईची मुलगी
ता. कळंब, जि. धाराशिव